दून गारवची खोटी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घंटा आहे. आणि आधीच सांगून टाकते, मी खोटी आहे.

ज्या लहानशा चर्चच्या कोनाड्यात मी आज बसले आहे, तिथले लोक मला संत लुगान यांची घंटा म्हणतात. दाढ ठणकू लागली की माणसे माझ्यात पाणी ओतून पितात, आणि गाय आटली की तेच पाणी गाईलाही पाजतात. संतांनी मला कधी डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा नाही. ते देवाघरी गेल्यावर शंभर वर्षांनी माझा जन्म झाला. दाढ बरी होत असेल तर होवो बापडी, माझी काही तक्रार नाही. पण माझी खरी कहाणी मला अजून कुणी विचारलेली नाही, म्हणून मीच सांगते. तिच्यात रक्त बरेच आहे.

माझा जन्म दून गारवच्या पायथ्याशी, सेनाख लोहाराच्या भात्यापुढे झाला. दून गारव हा खाडीवरच्या कातळावर रचलेला दगडी गड. तिथे गेल नावाच्या टोळीचा सरदार अर्तगाल राहत असे. डोंगराच्या पलीकडे, उगवतीला, पिक्ट टोळ्यांचा मुलूख. गेल आणि पिक्ट एकमेकांची गुरे पळवत, मग तह करत, मग एकमेकांच्या लग्नात जेवत आणि पुन्हा गुरे पळवत. पिक्ट अंगावर रंग माखत, म्हणून गेल त्यांना ‘रंगवलेले’ असे हिणवत. पिक्ट गेलांना ‘वाहून आलेले’ म्हणत, कारण त्यांचे पणजे कातड्याच्या होड्यांतून समुद्र ओलांडून आले होते. एवढे सोडले तर दोघांत फरक फार नव्हता. हाडे दोघांचीही सारखीच मोडत.

संत लुगान यांची खरी घंटा समोरच्या बेटावर साधूंच्या ताब्यात होती. तिच्यावर हात ठेवून जो खोटी शपथ घेईल त्याचे तोंड वाकडे होते, अशी सगळ्यांची खात्री होती. अर्तगालचीही होती. म्हणून तर मी जन्मले.

एके दिवशी अर्तगाल आपल्या धाकट्या भावाला, रुआदानला घेऊन सेनाखच्या दारात आला.

“सेनाख, एक घंटा करून दे. बेटावर आहे ना, तशी. नऊ दिवसांत.”

“तशी म्हणजे कशी, सरदार?”

“तशी म्हणजे तश्शी. तिचा लोलक मागं तूच बसवला होतास ना? मग तुला तिचं अंगअंग ठाऊक असेल.”

“ठाऊक आहे की. फक्त तिच्या डाव्या कोपऱ्याला एक मोठा पोचा आहे. तेवढा सोडून करतो.”

“पोचा पण कर,” अर्तगाल म्हणाला.

नव्या घंटेला पोचा कुणी मागते का? सेनाखचा हातोडा तिथेच थांबला. “सरदार, लोक पोचे काढायला येतात माझ्याकडे. पाडून घ्यायला कुणी...”

रुआदानला बोलणे फार वेळ ऐकायची सवय नव्हती. त्याने सेनाखचे उजवे मनगट धरून ऐरणीवर दाबले आणि शेजारचा घण उचलला. “दादा घंटा मागतोय. घंटा देतोस, की हा हात ठेवून घेऊ?”

सेनाखने घंटा द्यायचे कबूल केले.

लोखंडाचा पत्रा तापवून, कापून, चार बाजूंनी दुमडून त्याने मला आकार दिला. गाईच्या गळ्यातली घंटा असते ना, तशी, पण हातभर उंच. कडांना खिळे ठोकून त्या जोडल्या. मग मला कांशाच्या तुकड्यांत गुंडाळले, वर माती आणि शेण लिंपले आणि निखाऱ्यांत पुरले. आत कांसे वितळून माझ्या अंगभर पसरले. मातीचे कवच फोडले तेव्हा मी तांबूस झळाळत होते. लोलक बसवून त्याने मला एकदा हलवले. आवाज खणखणीत होता. तो कौतुकाने हसला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. मग त्याने हातोडा उचलून माझ्या डाव्या कोपऱ्यावर मारला. हा माझ्या आयुष्यातला पहिला घाव. राख चोळून त्याने मला म्हातारी केले.

त्याची बायको लासर दारात उभी राहून हे पाहत होती.

“नवी कोरी वस्तू ठोकून वाकडी करताय? डोकं फिरलं का तुमचं?”

“सरदारांची हौस आहे.”

“हौस म्हणे! बरं, ऐकलंत का? द्रुस्ती येतेय. तिच्या दादाला तहाच्या मेजवानीला बोलावलंय म्हणे गडावर. बाळालाही आणतेय. मी लोणी साठवून ठेवलंय तिच्यासाठी.”

सेनाखने ऐकले होते. तो माझ्यावर राख चोळत राहिला.

ही द्रुस्ती कोण ते सांगते. आमच्याकडे मूल सात वर्षांचे झाले की ते वाढवायला दुसऱ्या घरी देत. दोन घराण्यांना जोडायचे असले की हमखास देत. जन्म देणाऱ्यांना मुले अदबीने हाक मारत, पण ‘बाबा’ आणि ‘आई’ या लाडाच्या हाका वाढवणाऱ्यांच्या वाट्याला येत. वाढवणारे थकले की त्यांना मरेपर्यंत खाऊ घालायचे, हे त्या मुलांवर बंधन असे. जुन्या एका तहाच्या वेळी पिक्टांच्या सरदाराने आपली मुलगी द्रुस्ती सेनाखच्या घरी दिली होती. लोहाराचा मान आमच्याकडे मोठा. सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत ती याच भात्याशी खेळली. सेनाख आणि लासरला स्वतःचे मूल नव्हते. आता तिचा भाऊ गार्तना पिक्टांचा सरदार होता, आणि त्याने अर्तगालला निरोप धाडला होता: मी माझे तीन मुलगे आणि चाळीस माणसे घेऊन येतो, शस्त्रे दाराबाहेर ठेवतो, पण आधी तू संतांच्या घंटेवर शपथ घ्यायची.

मेजवानी भर दुपारी होती. मला गडाच्या दालनात एका साधूने आणले. साधू म्हणजे अर्तगालचा घोडे धुणारा गडी. साधू दिसावा म्हणून त्याचे डोके पुढून कानापासून कानापर्यंत सकाळीच भादरले होते, वस्तऱ्याचे ओरखडे अजून ओले होते.

गार्तनाने मला दोन्ही हातांनी उचलले आणि डाव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “हीच ती,” तो आपल्या माणसांना म्हणाला. “माझ्या आज्यानं सांगितलेला पोचा आहे.”

अर्तगालने माझ्यावर तळहात ठेवला. तो घामाने ओला होता. “माझ्या छपराखाली, माझ्या हातून किंवा माझ्या माणसाच्या हातून गार्तनाच्या केसालाही धक्का लागणार नाही. लागला तर संत लुगान माझं तोंड वाकडं करोत.” मग गड्याने मला हलवले आणि मी वाजले. मी तरी काय करणार? लोखंडाला हलवले की ते वाजते.

द्रुस्ती बाळाला कडेवर घेऊन बाकांमधून वाट काढत सेनाखपाशी आली. लोहार म्हणून त्याचा बाक शेकोटीजवळ होता.

“बाबा! अजून तसाच काळाकुट्ट आहेस. आई आंघोळ घालते की नाही तुला?”

“घालते की,” सेनाख म्हणाला. “हा तुझा?”

“माझाच, चोरून आणलेला नाही. उवेन नाव ठेवलंय. बघ तरी त्याच्याकडे, भाता ओढायच्या कामाचा आहे का?”

सेनाखने बाळाकडे पाहिलेच नाही. “पोरी, लासरला बरं नाही. सकाळपासून तुझं नाव घेतेय. तू आधी खाली जाऊन ये.”

“आत्ता? ताटं वाढतायत ना.”

“आत्ता जा. बाळाला घेऊन जा. माझं ऐक, पोरी.”

तिने भावाला खूण केली, हसून काहीतरी सांगितले आणि ती गेली. सेनाख दाराकडे पाहत राहिला. दार लागले तेव्हा त्याने मान खाली घातली.

आमच्याकडे मोठ्या पाहुण्याच्या मागे एकेक माणूस सुरई घेऊन उभा राहतो, प्याला रिकामा होऊ द्यायचा नाही म्हणून. तो मान असतो. त्या दिवशी चाळीस पिक्टांच्या मागे चाळीस गेल उभे होते, आणि सुरई धरलेल्या हाताच्या बाहीत सुरी होती. अर्तगालने डुकराचे एक हाड कुत्र्याकडे फेकले. तीच खूण होती.

चाळीस गळे एकदम चिरले गेले की आरडाओरडा फार होत नाही, मित्रांनो. नुसती बाके पडण्याचे आणि घशातून वारा सुटल्याचे आवाज येतात. जे पहिल्या वारातून वाचले ते मात्र ओरडले. गार्तनाचा थोरला मुलगा बापाच्या अंगावर आडवा पडला आणि तिथेच त्याच्या पाठीची चाळण झाली. मधला शेकोटीत ढकलला गेला. धाकटा ब्रूद बारा वर्षांचा होता. तो टेबलाखालून सरपटत सेनाखच्या बाकाखाली शिरला आणि त्याने सेनाखच्या पायाला मिठी मारली. सेनाखने पाय काढून घेतला नाही, पण हातही पुढे केला नाही. रुआदानने पोराला केस धरून बाहेर ओढले आणि भिंतीवर आपटले.

गार्तनाच्या पाठीत एक सुरी होती, तरी तो उठला. शस्त्र नव्हते, म्हणून त्याने समोरच्या टेबलावरून मला उचलले. माझी कडी त्याच्या मुठीत आली आणि त्याने मला सगळ्या ताकदीनिशी अर्तगालच्या जबड्यावर हाणले. माझ्या कडेखाली त्याचे हाड काडकन मोडलेले मी ऐकले. दात माझ्यात पडून खुळखुळले. मग सहा जण गार्तनावर तुटून पडले. तो माझ्यावरच कोसळला.

अर्तगाल जगला. पण त्याचा जबडा जन्मभरासाठी डावीकडे सरकला. पुढे आठवडाभरात साऱ्या मुलखात बोलले जाऊ लागले की बघा, संतांनी तोंड वाकडे केले! खुद्द त्याच्याच बायकोने सात चर्चना मेणबत्त्या पाठवल्या. मी खोटी होते हे त्याला, त्याच्या भावाला, त्या भादरलेल्या गड्याला आणि सेनाखला ठाऊक होते. गड्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी खाडीत बुडवले.

द्रुस्ती ओरडण्याचे आवाज ऐकून खालून धावत आली. तोवर सारे संपले होते. ती दारात उभी राहिली, पोर छातीशी धरून. कुणीतरी सुरी घेऊन तिच्याकडे निघाला.

“राहू दे रे,” रुआदान म्हणाला. “बाईमाणूस आहे.”

“कडेवर पोर आहे तिच्या.”

“तिचं आहे ना? गार्तनाचे तिन्ही संपले. बहिणीच्या पोराचं काय घेऊन बसलास? जाऊ दे तिला, प्रेतं घेऊन जाऊ दे. तिकडं जाऊन सांगायलाही कुणीतरी पाहिजे.”

मित्रांनो, माणसे मारण्यात गेल हुशार होते, पण इथे त्यांचे गणित चुकले. गेलांमध्ये बापामागून मुलगा सरदार होतो, म्हणून त्यांनी मुलगे मोजून मारले. पिक्टांमध्ये तसे नव्हते. तिथे सरदारकी आईच्या रक्तातून जाई. गार्तनाचे मुलगे जगले असते तरी त्यांना ती मिळाली नसती. गार्तनाचा वारस त्याच्या बहिणीच्या कडेवर होता, आणि रुआदानने स्वतःच्या हाताने त्याला गडाचे दार उघडून दिले.

बैलगाडीत भावाचे प्रेत ठेवताना द्रुस्तीने त्याच्या मुठीतून मला सोडवायचा प्रयत्न केला. बोटे उघडेनात. म्हणून मीही गाडीत गेले. डोंगर चढताना माझ्यातले दात खुळखुळत होते.

त्यानंतर एकोणीस वर्षे मी तिच्या हाती वाजले. रोज सकाळी ती उपाशीपोटी मावळतीकडे तोंड करून उभी राही, मला तीनदा वाजवी आणि अर्तगालचे नाव घेई. घंटा वाजवून शत्रूला शाप द्यायचा ही रीत ती गेलांच्याच घरात शिकली होती. “संतांनी मला आणि तुला राखलं,” ती उवेनला सांगे. “त्या दिवशी बाबानं मला लासर आईकडे धाडलं म्हणून आपण वाचलो. ही संतांचीच करणी.” मला वाटे, ओरडून सांगावे, बाई, यात संतबिंत काही नाही. पण वाजण्याखेरीज मला काही येत नव्हते. पिक्टांची माणसे मला बघून गुडघे टेकत. खोटेपणाची लाज काय असते ते मी तिथे शिकले.

उवेन सतरा वर्षांचा झाला आणि सरदार झाला. मग मी लढायांत जाऊ लागले. द्रुस्ती सैन्याच्या पुढे गाडीत उभी राहून मला वाजवी आणि पोरे बेभान होऊन धावत. एका नदीच्या उतारावर इतकी माणसे पडली की पाणी अडून काठावर चढले. रुआदान तिथेच मेला. उवेनच्या भाल्याने त्याला चिखलात खिळवले आणि मागून आलेली घोडी त्याच्यावरून गेली. द्रुस्ती गाडीतून उतरून त्याला पाहून आली. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मला वाटले होते ती हसेल.

शेवटी आम्ही दून गारवला वेढा घातला. गडाच्या पायथ्याची घरे आड येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उवेन म्हणाला, “आई, खालची वस्ती जाळल्याशिवाय वर जाता येणार नाही.”

द्रुस्ती म्हणाली, “तिथं सेनाख लोहाराचं घर आहे.”

“माणसं आधी बाहेर येतील. नाहीतर वर पळतील.”

“मग पेटवा,” ती म्हणाली आणि तिने मला वाजवले. गवताची छपरे होती. सारे कसे भुर्रकन पेटले.

गड दोन दिवसांनी पडला. पाण्याच्या टाक्यात रक्त मिसळले होते, ते पिण्यापेक्षा त्यांनी दार उघडले. अर्तगालला बांधून खाडीच्या काठाशी आणले. शपथ मोडणाऱ्या सरदाराला पिक्ट पाण्यात बुडवतात, त्याचे रक्त जमिनीवर सांडत नाहीत. त्याला गुडघाभर पाण्यात उभे केले. तो म्हातारा झाला होता आणि जबडा अजून डावीकडेच होता.

द्रुस्तीने मला त्याच्या तोंडासमोर धरले. “ओळखतोस हिला? हिच्यावर हात ठेवून तू माझ्या दादाला शब्द दिला होतास.”

अर्तगाल हसू लागला. वाकड्या तोंडातून हसणे शिटीसारखे बाहेर येत होते. “ही? अगं येडे, बेटावरची घंटा अजून बेटावरच आहे. ही माझ्या लोहारानं नऊ दिवसांत ठोकलीय. शपथ झालीच नाही, तर मोडली कुणी?”

ज्या घंटेमागे सारे सैन्य धावत आले होते ती तिच्या हातात लोंबकळत होती.

“खोटं बोलतोय,” द्रुस्ती म्हणाली. मग तिने काठावर बांधून ठेवलेल्या कैद्यांकडे पाहिले. त्यांत एक ताठ मानेचा म्हातारा होता, अर्धी दाढी जळालेला. ती धावली. “बाबा! जिवंत आहेस तू! देवा रे... बाबा, सांग या वाकड्याला. सांग, ही खरी घंटा आहे.”

मित्रांनो, एका शब्दाचे काम होते. ‘खरी’ एवढे म्हटले असते तर त्याला लेक परत मिळाली असती आणि मला खरेपण. मी अंगातल्या साऱ्या कांशानिशी वाट पाहत होते. सेनाखने माझ्याकडे पाहिले, माझ्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिले.

“मी केली,” तो म्हणाला. “पोच्यासकट.”

“कशासाठी ते तुला ठाऊक नव्हतं.”

“पोचा मागितला तेव्हाच कळलं होतं.”

आतल्या आत ती एकोणीस वर्षे मागे जात होती हे तिच्या डोळ्यांत दिसत होते.

“लासर आईला बरं नव्हतं म्हणालास. मी गेले तर ती चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजत होती. मला बघून म्हणाली, मला कुठं काय झालंय? मला वाटलं, तुझा गोंधळ झाला.” तिने एक पाऊल मागे घेतले. “म्हणजे तू मला बाहेर काढलंस. मला काढलंस आणि दादाला बसू दिलंस.”

“हात ठेचला असता त्यांनी, पोरी.”

“हात!”

“आणि धाकटा... तो ब्रूद... माझ्या बाकाखाली आला होता. माझा पाय धरला होता त्यानं. तेही सांगतो. एकदाच सगळं सांगतो.”

“बास कर,” ती म्हणाली. मग हळू आवाजात, “लासर आई कुठाय?”

सेनाख म्हणाला, “तिचे गुडघे गेले होते. चालता येत नव्हतं तिला. मी गडावर कामाला होतो. परवा सकाळी खालची घरं पेटली, तेव्हा ती आतच होती.”

परवा सकाळी मी कुणाच्या हातात वाजले होते ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

पाण्यात उभा असलेला अर्तगाल अजून शिटी मारल्यासारखा हसत होता. उवेन पाण्यात शिरला. “घंटा खोटी असेल,” तो म्हणाला. “माझा मामा मात्र खराच मेला.” त्याने अर्तगालच्या मानेवर गुडघा ठेवला आणि हसणे बंद होईपर्यंत काढला नाही. बराच वेळ लागला.

मग तो ओल्या अंगाने तलवार उपसून सेनाखकडे आला. “आई, बाजूला हो.”

“हा माझा आहे,” द्रुस्ती म्हणाली.

“मग तू मार.”

“मला वाढवलंय त्यानं. त्याला पोसायचं माझ्यावर आहे.” तिने सेनाखच्या हातावरची दोरी कापली आणि त्याला गाडीत बसवले. त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

पुढचे मी पाहिले म्हणून सांगते, नाहीतर मलाही खरे वाटले नसते. ती त्याला डोंगरापलीकडे आपल्या घरी घेऊन गेली. शेकोटीजवळची सगळ्यांत उबदार जागा त्याला दिली. रोज सकाळी ओटची गरम पेज, वर लोण्याचा गोळा. संध्याकाळी दूध. थंडीत अस्वलाचे कातडे. आजारपणात तिने त्याचे सारे काढले, किळस केली नाही. आणि अकरा वर्षांत ती त्याच्याशी बोलली नाही.

तो बोलत असे. “आज पेज छान झालीय, पोरी.” “बाहेर पाऊस आहे का ग?” “लासर असती तर म्हणाली असती, मीठ कमी आहे.” ती वाटी उचलून निघून जाई. कधी तो माझ्याकडे बघून बोले, कारण मी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली होते आणि कुणी मला आता वाजवत नव्हते. घरातली नातवंडे त्याला ‘मुका आजा’ म्हणत, बोलत तर तोच असे. मुलांचा गोंधळ होणे साहजिक होते.

मला तिचा राग येई आणि कीवही येई. त्याला ती माफ करू शकत नव्हती, आणि ‘तू माझ्या भावाला मारलंस’ असे म्हणायला तोंड उघडावे तर पुढचे वाक्य लासरबद्दल आले असते. म्हणून तिने तोंडच उघडले नाही.

अकराव्या थंडीत त्याचे हात थरथरू लागले. ती चमच्याने भरवू लागली. तरीही गप्प. एका सकाळी तिने दोन चमचे भरवले, तिसरा पुढे केला आणि त्याने तोंड उघडले नाही. तिने चमचा ओठांना लावून पाहिला. पेज दाढीवर ओघळली. तिने ती शेल्याच्या टोकाने पुसली आणि चमचा पुन्हा भरला.

“खा ना, बाबा,” ती म्हणाली. “बाबा, मीच वाजवली होती घंटा. मला तुला केव्हाचं सांगायचं होतं. खा.”

तो गेला होता. तिचे बोलणे ऐकणारे त्या घरात कुणी नव्हते. मी होते, पण माझे काय?

त्याला मातीत ठेवून आल्यावर तिने मला दलदलीत नेऊन सोडले. तिथे मी किती शतके पडून होते कुणास ठाऊक. आमच्याकडे दलदलीची माती कापून, वाळवून चुलीत जाळतात; ती कापताना एका माणसाला मी सापडले, आणि त्याने मला चर्चमध्ये आणून दिले. बाकीचे तुम्ही पाहताच आहात.

मित्रांनो, माझा गंज काढा म्हणून मी विनवणार नाही. मला चकचकीत करून काय करायचे? पण दाढेचे पाणी पिऊन घरी जाल तेव्हा एवढे करा. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याचे ताट तुम्ही न चुकता वाढता आणि ज्याच्याशी बोलत नाही. त्याला ऐकू येते आहे तोवर बोला. शिवी द्यायची असेल तर शिवी द्या.